उणे साडेसात

शुक्रवारच्या बाजारातून वाट काढत
मी म्हापशाच्या कुलासोंच्या दुकानात शिरते.
पाटीवर अजून 'ओप्तिका', जुन्या वळणाचं.
आत मात्र एसी, आणि भिंतभर टांगलेल्या
तीनचारशे नजरा, कुणाच्याच नसलेल्या.

डाव्या काडीला महिनाभर चिकटपट्टी होती.
काल तीही सुटली.
शिवोलीच्या पोस्टात, बचतीच्या खिडकीत,
चष्मा नेमका कामिलोबाबांच्या पासबुकावर पडला.
"बाय, आता तरी नवा घे," ते म्हणाले,
जणू पैसे त्यांच्याच खात्यातून जाणार होते.

चौथीत चष्मा लागला तेव्हापासून
फ्रेम निवडायची ती ज्युडिता.
स्टुलावर बसून पाय हलवत सांगायची,
हा नको, ह्यात तू आयकरवाली दिसतेस.
गोल तर घेऊच नकोस,
तोंड तुझं आधीच उंड्यासारखं.
ती आता स्विंडनला. रात्रभर गोदामात खोकी लावते.
इथले अकरा वाजतात
तेव्हा तिला उठवायचं नसतं.

अडचण अशी
की नवी फ्रेम चढवायला जुनी उतरवावी लागते,
आणि उणे साडेसात म्हणजे काय
ते ज्याला नाही त्याला सांगून कळत नाही.
आरशात कुणीतरी आहे एवढं नक्की.
एक गव्हाळ डाग, त्यावर काळा डाग,
मधे आडवी काहीतरी रेघ.
मी नाक काचेला टेकवते.
काच श्वासाने धुरकटते, पुसते,
मग एक डोळा दिसतो, एकटाच,
बर्फावरच्या मोडशासारखा.
चेहरा बघायला अंतर लागतं
आणि अंतर मला परवडत नाही.

काउंटरवरचा रोहिदास म्हणतो,
मॅडम, फोटो काढतो, मग चष्मा लावून बघा.
अकरा फोटो. अकरा बायका.
एक कर्ज नाकारणारी,
एक कुणाच्या तरी लग्नात रुसलेली,
एक तर माझी आईच, ती गेली त्या वयाची.
सगळ्या फोटोसाठी थांबलेल्या.
ह्यांतली खिडकीत बसेल अशी कुठली?

बाकावर एक बाई, टोपली पायाशी.
सुके बांगडे, सुंगटं; एसीलाही वास आवरत नाही.
स्क्रू घट्ट करून घ्यायला आलीय.
मघापासून बघतेय. आता राहवत नाही तिला.
"सकयल पळे," म्हणते.
मी मान खाली घालते. फ्रेम नाकाच्या शेंड्यावर.
"निसटता. तूं दीसभर सकयलच पळयता मगो?"
हो. पासबुकं, शिक्के, अंगठे.
"दुसरी घाल. आता हांस."
हसले की गाल वर येतात, फ्रेम भुवयांत शिरते.
"ती दवर."
धातूची तिने हातातूनच काढून घेतली:
खाऱ्या वाऱ्यात महिन्याभरात हिरवी होते,
नाकावर डाग, मग नवरा विचारतो काय झालं.
नवरा नाही म्हटलं.
"मग डाग तरी कित्याक?" म्हणाली.

अशी ठरली. चिंचोक्याच्या रंगाची,
जरा रुंद, कानामागे वळण पक्कं.
सुंदर दिसते का, तिने सांगितलं नाही.
मीही विचारलं नाही.
रोहिदासने दोन हजार तीनशेची पावती केली.
मंगळवारी मिळेल.

जुना चष्मा, नवी चिकटपट्टी.
बसमध्ये फोटो ज्युडिताला पाठवला.
रात्री उत्तर: कोणी निवडला?
मी, असं लिहिलं. पुसलं.
लिहिलं, सुके बांगडे विकणाऱ्या एका बाईने.
बराच वेळ ती नुसती टाइप करत होती.
मग आलं:
वास इथवर आला.